फास्ट फूडच्या दुकानात गुप्त ग्राहक म्हणून जायचे असेल तर: सोलापुरातल्या नवख्यांसाठी

पिझ्झा-बर्गरच्या मोठ्या साखळ्यांच्या मुख्य कचेऱ्या मुंबई, नोएडा, गुरुग्रामला आहेत. सोलापूरच्या शाखेत रविवारी रात्री आठ वाजता काउंटर किती चालू होते, फ्राइज गरम होत्या की गार, बाथरूममध्ये साबण होता की नव्हता, हे तिथे बसलेल्या माणसाला दिसत नाही. त्याला दिसतो तो संगणकावरचा विक्रीचा आकडा. म्हणून या कंपन्या एजन्सीमार्फत साध्या गिऱ्हाइकासारखा माणूस पाठवतात. तो रांगेत उभा राहतो, पैसे मोजतो, खातो, निघतो आणि घरी जाऊन रिपोर्ट भरतो. यालाच मिस्ट्री शॉपिंग म्हणतात. मोबदला दोन भागांत मिळतो: ठरलेली फी आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंत बिलाची परतफेड.

सेवा ढासळली, ही तक्रार आज प्रत्येक जण करतो. नुसत्या तक्रारीने काही हलत नाही, उलट ती काउंटरवरच्या पोराच्या अंगावर येते. ‘स्टाफ उद्धट होता’ एवढेच वरपर्यंत गेले तर त्या पोराला समज दिली जाते आणि विषय मिटतो. ‘रांगेत ११ जण, तीनपैकी एकच काउंटर चालू, तोच मुलगा ऑर्डर घेत होता आणि डिलिव्हरीच्या पिशव्याही बांधत होता’ असे गेले, तर ड्युटी लावणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. या कामाची सगळी किंमत या फरकात आहे आणि पुढची सगळी काळजी त्याचसाठी घ्यायची आहे.

काम मिळवताना

एजन्सीकडे नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. संकेतस्थळावर अर्ज भरायचा, पॅन आणि बँक खात्याची माहिती द्यायची (फीवर कर कापला जाऊ शकतो, म्हणून पॅन मागतात), वय, वाहन, येणाऱ्या भाषा लिहायच्या. बऱ्याच ठिकाणी चार-पाच ओळींचा लेखनाचा नमुना मागतात. तो मनापासून लिहा. पहिले काम मिळते ते त्याच्यावर.

खऱ्या कामात तुमच्या खिशातून आधी जाणारा पैसा एकच, तो म्हणजे दुकानात तुम्ही स्वतः भरलेले खाण्याचे बिल. नोंदणी फी, ट्रेनिंग फी, डिपॉझिट यातले काहीही कुणी मागितले तर तिथेच थांबा. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर ‘हॉटेलला पाच स्टार द्या, ५० रुपये मिळवा’ असे मेसेज फिरतात. पहिले दोन-तीन वेळा पैसे खरोखर येतात, म्हणून विश्वास बसतो. मग ‘प्रीपेड टास्क’ सुरू होते, आधी हजार भरा, मग पाच हजार, आणि आधीचे अडकलेले पैसे सोडवण्यासाठी आणखी. यात कुणी सापडला असेल तर लाजून गप्प बसू नये. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्याआधी अडवता येतात, पण त्यासाठी पहिले काही तासच महत्त्वाचे असतात.

सोलापुरात या कामावर घर चालणार नाही, हे आधीच माहीत असलेले बरे. साखळी दुकाने मोजकी आहेत आणि एकाच शाखेत तोच माणूस लगेच पुन्हा पाठवत नाहीत. बहुतेक ठिकाणी दोन-तीन महिन्यांचे अंतर ठेवतात, कारण चेहरा ओळखीचा झाला की वागणूक बदलते. म्हणून पेट्रोल पंप, मोबाइलचे शोरूम, बँकेची शाखा अशा कामांसाठीही नाव घालून ठेवा. तुळजापूर, पंढरपूर, बार्शीची कामे येतात तेव्हा आधी हिशोब करा. तुळजापूरला जाऊन येऊन साधारण ९० किलोमीटर होतात. मोटारसायकलला दोन लिटर पेट्रोल म्हणजे दोनशेच्या वर गेले. फी तीनशे असेल आणि प्रवासखर्च वेगळा नसेल, तर अर्धा दिवस घालून हातात शंभरही उरत नाहीत. एजन्सीला हे स्पष्ट सांगता येते. काम कुणी घेत नसेल तर त्या प्रवासाचे पैसे वाढवून देतात.

ब्रीफ वाचणे

काम मिळाले की ब्रीफ, म्हणजे कामाच्या लेखी सूचना, येते. ते दोनदा वाचा, दुसऱ्यांदा हातात पेन घेऊन. त्यातून पाच गोष्टी वेगळ्या काढा: शाखेचा नेमका पत्ता, भेटीचा दिवस आणि वेळेची चौकट, काय मागवायचे, बिलाची मर्यादा, रिपोर्ट कधीपर्यंत द्यायचा.

पत्त्यात घोळ होतो. एकाच कंपनीच्या शाखा शहराच्या दोन टोकांना असू शकतात, आणि ‘सोलापूर’ एवढे पाहून जवळच्या शाखेत गेलेल्याचा रिपोर्ट कितीही छान असला तरी नाकारला जातो. वेळेची चौकट संध्याकाळी सात ते दहा असेल तर ती बिलावरच्या वेळेशी ताडतात. सहा वाजून ५५ मिनिटांचे बिल चालत नाही.

बिलाची मर्यादा कर धरून आहे की सोडून, तेही पाहून घ्या. मर्यादा ४०० आणि बिल ४६० झाले तर वरचे ६० तुमचे. घरातल्या दोघा-तिघांना सोबत न्यायचे असेल तर त्यांचे बिल वेगळे करावे लागते का, हे विचारून ठेवा. लहान मुले सोबत असली की कुणाला संशय येत नाही हे खरे, पण मुलांना सांभाळत सेकंद मोजणे जमत नाही. पहिल्या दोन-चार भेटी एकट्याने किंवा एका समजूतदार माणसाला घेऊन करा, आणि त्याला बजावून ठेवा की आत ‘ऑडिट’ हा शब्द काढायचा नाही.

निघताना

फोन पूर्ण चार्ज, युपीआय चालू, सोबत थोडी रोकड. काही ब्रीफमध्ये रोखच द्या असे असते, कारण सुटे परत देताना पैसे मोजून देतात का हे पाहायचे असते. पेन-वही नको. नोंदीसाठी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवण्याची सोय सगळ्यात उपयोगी. ‘दार’, ‘रांग ६’, ‘काउंटर २/३’ असे दोन-दोन शब्द टाकत गेलात की प्रत्येकापुढे वेळ आपोआप पडते, आणि बघणाऱ्याला वाटते की कुणाशी तरी गप्पा चालल्या आहेत. ती वेळ मिनिटांतच असते. सेकंद हवे असतील तर स्टॉपवॉच लावा, फोन हातात धरून प्रत्येक टप्प्याला ‘लॅप’चे बटण दाबा. फोन सायलेंटवर ठेवा.

प्रश्नावली, म्हणजे रिपोर्टचा फॉर्म, घरीच दोन-तीनदा वाचून जा. आत जाऊन फोनवर प्रश्नावली उघडून वाचणारा माणूस काउंटरवाल्याला लगेच कळतो. या दुकानांतली मुले हुशार असतात.

दारापासून काउंटरपर्यंत

बाहेरूनच सुरुवात होते. पार्किंगमध्ये कचरा, दाराची काच, पाटीतला बंद पडलेला दिवा, दारात उभ्या असलेल्या डिलिव्हरीवाल्यांची संख्या. ही शेवटची नोंद फॉर्ममध्ये विचारलेली नसली तरी करा. सेवा ढासळण्याचे फार मोठे कारण तिथे उभे असते. दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकाची आणि ॲपवरच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर एकाच स्वयंपाकघरात जाते. ओव्हन तेवढाच, माणसे तेवढीच, आणि ॲपची ऑर्डर कुणाला दिसत नाही. समोर दोनच माणसे असताना पिझ्झ्याला पंचवीस मिनिटे लागली तर मुले आळशी आहेत असे वाटते. बाहेर सात रायडर उभे होते हे लिहिले की चित्र बदलते.

आत शिरल्यावर कुणी नमस्कार, वेलकम, निदान मान हलवून दखल घेतली का, आणि किती वेळाने, हे पाहा. सोलापुरात काउंटरवर मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू कुठलीही भाषा कानावर येते. कुणी ‘बोला अण्णा’ म्हणेल, कुणी ‘हां सर’. कंपनीने ठरवलेले स्वागताचे वाक्य म्हटले की नाही, एवढेच फॉर्म विचारतो. म्हटले नसेल तर काय म्हटले ते जसेच्या तसे लिहा. बोलण्याच्या लकबीवर शेरा मारू नका. ‘अण्णा’ म्हणून हसतमुखाने बोलणाऱ्याला केवळ ठरीव वाक्य चुकले म्हणून उद्धट ठरवणे हा अन्याय आहे. ‘ठरलेले वाक्य नाही, पण नजरेला नजर देऊन, हसून बोलला’ अशी दोन्ही माहिती द्या.

ऑर्डर देताना नवखे एक चूक हमखास करतात. गेल्या गेल्या म्हणतात, ‘एक मोठा कॉम्बो, चीज घालून, वर कोल्ड्रिंक.’ आता काउंटरवरच्या मुलाने अजून काय सुचवायचे? ‘कॉम्बो करू का’, ‘सोबत काही गोड देऊ का’ असे त्याने विचारले का, हा फॉर्ममधला महत्त्वाचा प्रश्न असतो आणि तुम्हीच त्याची संधी काढून घेतलेली असते. आधी एकच मुख्य पदार्थ सांगा आणि दोन-तीन सेकंद थांबा. सुचवले तर शब्द लक्षात ठेवा. सुचवले नाही तर मग ब्रीफमधले बाकीचे मागा.

काही ब्रीफमध्ये एक प्रश्न विचारायला सांगतात. आपल्याकडे सगळ्यात नैसर्गिक वाटणारा प्रश्न शाकाहाराचा: ‘यात अंडं आहे का?’ किंवा ‘व्हेजचं तळण वेगळं असतं का?’ श्रावणात किंवा गुरुवारी असे विचारणारे खूप असतात, त्यामुळे संशय येत नाही. उत्तर बरोबर होते का यापेक्षा ते कसे दिले हे नीट पाहा. माहीत नसेल तर आत विचारून सांगितले, की ‘नसेल’ म्हणून वेळ मारून नेली? शाकाहारी माणसासाठी हा प्रश्न फार मोठा आहे, म्हणून उत्तराचे शब्द जसेच्या तसे नोंदवा.

नावाची पट्टी छातीवर असेल तर नाव टिपा. नसेल तर ‘पट्टी नव्हती’ हीसुद्धा नोंद आहे. मग वर्णन द्या: अंदाजे वय, उंची, चष्मा, दाढी, वेणी, टोपी. रंग, जात, धर्म यांवरून केलेले वर्णन कुठलीही नीट एजन्सी घेत नाही आणि ते कुणी लिहूही नये.

घड्याळ

वेळ मोजण्याचे चार बिंदू असतात: रांगेत उभे राहिलात तो क्षण, ऑर्डर सांगायला सुरुवात केली तो, पैसे दिले तो, आणि शेवटचा पदार्थ हातात आला तो. पहिल्या दोहोंमधला वेळ म्हणजे रांगेतली थांबणूक, शेवटच्या दोहोंमधला म्हणजे स्वयंपाकघराची गती. हे दोन वेळ वेगळे न ठेवता ‘१४ मिनिटे लागली’ असे एकच लिहिले, तर माणसे काउंटरवर कमी होती की आत, हे कुणालाच कळत नाही.

बिलावर छापलेली वेळ साधारणपणे पैसे दिल्याची असते. दुकानाच्या मशीनचे घड्याळ तुमच्या फोनपेक्षा दोन-तीन मिनिटे मागेपुढे असू शकते. पैसे देतानाच फोनकडे पाहून तो फरक टिपून ठेवा, कारण एजन्सीचा तपासनीस बिल आणि तुमची नोंद शेजारी ठेवून पाहतो.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. स्वयंपाकघरात भिंतीवर पडदा असतो, त्यावर प्रत्येक ऑर्डर आणि तिचे सेकंद पळत असतात. ठरलेला वेळ ओलांडला की रंग बदलतो. शाखेचे गुण, मॅनेजरचा बोनस या आकड्यांवर अवलंबून असतो. म्हणून काही ठिकाणी पदार्थ तयार व्हायच्या आधीच बटण दाबून ऑर्डर पडद्यावरून काढून टाकतात. कंपनीच्या संगणकात तीन मिनिटे पडतात, गिऱ्हाईक मात्र नऊ मिनिटे उभे असते. ‘तुम्ही बसा, आणून देतो’ म्हणून बाजूला बसवणे हाही त्याचाच प्रकार होऊ शकतो. ट्रेवर अर्धी ऑर्डर ठेवून ‘फ्राइज येतायत’ म्हटले, तर ऑर्डर पूर्ण झाली असे धरू नका. शेवटची वस्तू हातात पडेपर्यंत घड्याळ चालू ठेवा, आणि तुमचा नंबर वरच्या पाटीवर ‘तयार’ म्हणून कधी झळकला तेही टिपा. त्या दोन वेळांतले अंतर मुख्य कचेरीला दुसऱ्या कुठल्याही मार्गाने कळत नाही. गुप्त ग्राहकाचे खरे मोल इथे आहे.

ऑर्डर घेणारे टचस्क्रीन असेल तर ते चालू होते का, बिल छापून आले का, अडलेल्या आजी-आजोबांना कुणी मदत केली का, हे पाहा. मशीन बसवले की काउंटरवरची माणसे कमी करतात आणि मशीन बंद पडले तरी ती परत वाढवत नाहीत, असे चित्र दिसते. ‘चार मशीन, दोन बंद, काउंटरवर एक’ एवढ्या शब्दांत ते सांगता येते.

पदार्थ

गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवायचा असतो. तुम्हाला थर्मामीटर लावायला सांगितलेले नसेल तर तापमानाचा आकडा लिहू नका. ‘वाफ दिसत होती’, ‘बोटाला चटका बसत नव्हता’, ‘चीज घट्ट झाले होते’ असे लिहा.

हातात आल्यावर आधी फोटो, मग घास. फोटोत ट्रेवरचे सगळे पदार्थ आणि बिल एकत्र यावे, शेजारच्या टेबलावरच्या लोकांचे चेहरे येऊ नयेत. बर्गरचा वरचा पाव उचलून पाहा: टिक्की मधोमध आहे का, सॉस एका कडेला साचलाय का, पानकोबी किंवा लेट्यूस काळवंडलाय का. फ्राइज तळणातून काढल्यावर पाच-सात मिनिटांत मऊ पडायला लागतात, म्हणून मिळाल्याबरोबर दोन उचलून खा. अर्धी फ्राइज मऊ आणि अर्धी कुरकुरीत लागली तर जुना माल नव्यात मिसळला असण्याची शक्यता असते. लिहिताना मात्र जे चाखले तेवढेच लिहा, शक्यता नको. पिझ्झ्याचे तुकडे सारखे कापलेत का, टॉपिंग कडेपर्यंत आहे का, तळ करपलाय का ते पाहण्यासाठी एक तुकडा उलटा करून फोटो घ्या. कोल्ड्रिंकमध्ये बर्फ किती, गॅस होता का, हे शेवटी.

चवीत आपली आवड आणू नका. शेंगाची चटणी आणि काळ्या मसाल्यावर वाढलेल्या जिभेला त्यांचा ‘स्पायसी’ फिका वाटणारच. तो दोष शाखेचा नाही, ती पाककृतीच तशी आहे. प्रश्न असतो तो नेहमीची चव होती का, हा.

पदार्थात केस, किडा, बुरशी असे काही निघाले तर खाणे थांबवा. फोटो काढा, पदार्थ टाकू नका, आणि कुठलेही साधे गिऱ्हाईक करील तसे मॅनेजरला सांगा. त्यांनी काय केले, बदलून दिले की वाद घातला, किती मिनिटांत, ही सगळी रिपोर्टमधली मोलाची माहिती असते. एजन्सीला त्याच दिवशी फोन करा. गिऱ्हाईक म्हणून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करण्याचा हक्क तुम्हाला आहेच, तो हे काम घेतल्याने जात नाही.

बाथरूम

हे शेवटी ठेवू नका. खाण्याआधी हात धुवायला म्हणून जा, ते सहज वाटते. नळाला पाणी, साबण, टिश्यू किंवा ड्रायर, दाराची कडी, कचऱ्याचा डबा, वास, ओली फरशी. आपल्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येते, हे खरे आहे. तरी दुकानाकडे टाकी असते, टँकर मागवता येतो. ‘नळ उघडला, पाणी आले नाही, वेळ ८.१२’ एवढे लिहा आणि कारण शोधत बसू नका.

दारामागे टांगलेला सफाईचा तक्ता जरूर पाहा. दर तासाला किंवा अर्ध्या तासाला सही करायची असते. काही तक्त्यांवर सकाळी दहापासून रात्री अकरापर्यंतच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच तिरकस वळणात, एका दमात केलेल्या दिसतात, आणि घड्याळात अजून संध्याकाळचे सातच वाजलेले असतात. तो फोटो घ्या. बाथरूम चकाचक असले तरी घ्या, कारण इथे स्वच्छतेपेक्षा नोंदीच्या खरेपणाचा प्रश्न आहे. बाथरूममध्ये दुसरे कुणी असेल तर फोन बाहेरच काढू नका. फोटोपेक्षा दुसऱ्याचा खाजगीपणा मोठा.

बिल

बिल मागून घ्या. न मागता दिले का, ही नोंद आधी करा. त्यावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक हवा. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणे बंधनकारक आहे. रेस्टॉरंटच्या खाण्यावर जीएसटी ५ टक्के, तो अडीच-अडीच असा केंद्र आणि राज्याच्या नावाने दोन ओळींत दिसतो. सेवा शुल्क आपोआप लावलेले असेल तर ते ठळक लिहा. ग्राहकावर ते लादू नये असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या साखळ्यांनी मेन्यूवर पदार्थाच्या कॅलरी दाखवायच्या असतात, तो फलक दिसला का हेही जाता जाता पाहा.

बिलाचा फोटो टेबलावरच काढा, चारही कोपरे आणि वेळ वाचता येईल असा. हा कागद उष्णतेवर छापतो आणि उष्णतेनेच उडतो. एप्रिल-मेच्या चाळिशीपार उन्हात गाडीच्या डिकीत ठेवलेले बिल काळे पडते किंवा कोरे होते. युपीआयचा स्क्रीनशॉट बिलाच्या जागी चालत नाही, त्यात काय खाल्ले ते नसते.

रिपोर्ट

मुदत बहुतेक वेळा १२ ते २४ तासांची असते. त्याच रात्री भरा. झोपून उठल्यावर ‘मॅडमने चष्मा घातला होता की नव्हता’ हे आठवत नाही, आणि न आठवलेले अंदाजाने भरले की रिपोर्टमध्ये विसंगती येते.

प्रत्येक ‘नाही’ला खाली कारण लागते. ते कसे लिहायचे, याचा एक नमुना:

‘सर्व्हिस खूपच वाईट, स्टाफला काही पडलेलीच नाही.’ हे परत येईल.

‘७.४१ ला रांगेत सहावा. तीन काउंटर, एक चालू. ७.५२ ला ऑर्डर दिली. स्वागताचे वाक्य नाही, थेट “बोला” म्हटले. ऑर्डर घेताना त्याच मुलाने दोनदा वळून डिलिव्हरीच्या पिशव्या दिल्या. ७.५४ ला पैसे, ८.०६ ला पूर्ण ऑर्डर. फ्राइज ८.०३ ला आल्या, बर्गर येईपर्यंत गार झाल्या.’ हे स्वीकारले जाईल आणि वाचणाऱ्याला काय दुरुस्त करायचे तेही कळेल.

फॉर्म बहुधा इंग्रजीत असतो. इंग्रजी साधे असले तरी चालते, वाक्ये छोटी ठेवा. कुणाचे शब्द द्यायचे असतील तर मराठी किंवा हिंदी वाक्य रोमन लिपीत जसेच्या तसे लिहून पुढे अर्थ द्या. जुन्या रिपोर्टमधली वाक्ये नव्यात चिकटवू नका, तपासणारे ते पकडतात आणि मग कायमचे नाव जाते. चांगले दिसले तेही तितक्याच बारकाईने लिहा. गड्डा यात्रेच्या गर्दीत, जानेवारीतल्या रात्री, रांग दारापर्यंत गेलेली असताना एखादी मुलगी प्रत्येकाला ‘पाचच मिनिटं काका’ म्हणून पाणी विचारत असेल, तर तिचे नाव वर जायला हवे. गर्दी नेहमीची की यात्रेची, तेही सांगा. त्याशिवाय आकड्यांना अर्थ येत नाही.

मुद्दाम भांडण उकरून कर्मचाऱ्याचा संयम तपासू नका. ब्रीफमध्ये नसेल तर आवाज किंवा व्हिडिओ रेकॉर्ड करू नका. शाखेतला कुणी ओळखीचा, नात्यातला असेल तर काम सोडून द्या. कुणी ओळखून ‘सर, जरा चांगलं लिहा, हे आमच्याकडून’ म्हणत आइस्क्रीम पुढे केले तर घेऊ नका, आणि ओळख पटली हे रिपोर्टमध्ये लिहा. काम बाद होईल, फी बुडेल, तुमचा शब्द राहील. त्याच भेटीवर गूगलला परीक्षण टाकू नका, करारात त्याला बंदी असते.

पैसे

स्वीकारल्याचा मेल आला की ठरलेल्या मुदतीत, साधारण महिना-दीड महिन्यात, पैसे खात्यावर येतात. एका वहीत तारीख, शाखा, फी, बिल आणि मिळालेली रक्कम मांडत जा. कर कापला असेल तर तो आयकराच्या २६एएस विवरणात दिसतो, वर्षाअखेरी विवरणपत्र भरून परत मागता येतो. तपासनिसाने प्रश्न विचारले तर चिडू नका, नोंदींवरून उत्तर द्या. नोंद नसेल तर ‘लक्षात नाही’ असे स्पष्ट कळवा. रिपोर्ट नाकारला तर कारण लेखी मागा. बिलाची परतफेड निदान व्हावी अशी विनंती करता येते, विशेषतः चूक ब्रीफमधली असेल तेव्हा. मूळ बिल आणि फोटो पैसे जमा होईपर्यंत टाकू नका, आणि जमा झाल्यावरही तीन-चार महिने ठेवा. कंपनीकडून उशिरा शंका आली तर एजन्सी तोच कागद मागते.